आखणी

पेणजवळच्या शाळेत लागले त्या वर्षी सातवीला मी चित्राचा पहिलाच विषय दिला, ‘माझी आजी’. वह्या घरी आणून एकेक उघडत गेले आणि थबकले. आज्या तशा वेगवेगळ्या होत्या. कुणी नऊवारीतली, कुणी मॅक्सीवर टॉवेल घेतलेली, एक तर मोबाईलवर बोलणारी. हात काटकुळे, पावलं दोन्ही एकाच दिशेला, नाकाच्या जागी इंग्रजी सात. पण निम्म्या वर्गाच्या आज्यांचे डोळे मात्र एकच. कमळाच्या पाकळीसारखे लांबट, अर्धवट मिटलेले, वरच्या पापणीची रेघ टोकाशी किंचित उचललेली. रेघही अशी की कुठे थरथर नाही, खाडाखोड नाही. पदविका घेताना कित्येक रीम कागद संपवूनसुद्धा माझ्या हातून तशी रेघ उतरली नव्हती.

मला वाटलं, एकमेकांचं बघून काढलंय. दुसऱ्या दिवशी एका पोराला उभं केलं. तो बिचारा गोंधळला.

“बाई, डोला असाच आखतात.”

कुणाचा, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत पडवीत गणपती, ओटीवर गणपती, पोटमाळ्यावर गणपती. घरासमोर ताडपत्रीचा मांडव असतो आणि त्याखाली साच्यातून नुकतेच निघालेले पांढरेफटक गणपती रांगेने वाळत असतात. या गावांमध्ये अशा जागेला चित्रशाळा क्वचितच म्हणतात. म्हणतात कारखाना. साच्यात प्लास्टर आणि काथ्या भरायचा, सुटलेली मूर्ती जोडायची, पॉलिश पेपरने घासायची, सफेदा द्यायचा, मग अंगाचा रंग, मग पीतांबर, मग सोनेरी. सगळ्यांत शेवटी आखणी. बाकीची कामं घरातलं कुणीही करतं, आखणी नाही. ती करणारा माणूस वेगळा, त्याची बसायची जागा वेगळी, उजेड त्याच्या डाव्या खांद्यावरून आला पाहिजे आणि तो डोळ्यावर असताना त्याला कुणी हाक मारायची नाही. पेणच्या मूर्तींना भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गुजरातपासून मॉरिशसपर्यंत जातात, परदेशच्या तर कित्येक महिने आधीच बोटीत चढतात. पण या सगळ्या पसाऱ्याचा जीव केसाएवढ्या ब्रशच्या टोकावर असतो. पोरं ते जन्मापासून पाहतात. मोडक्या मूर्तीच्या कपाळावर, शिळ्या रंगात, उरलेल्या ब्रशने हात बसवतात. मी शिकवायला जायच्या आधीच त्यांना माझ्यापेक्षा चांगली रेघ येत होती.

मग मी शिकवायचं काय?

बरेच दिवस हा प्रश्न माझ्या डबीतल्या खडूच्या तुकड्यांसारखा खुळखुळत राहिला. अखेर एका तासाला पेन्सिली खाली ठेवायला लावल्या. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं आणि पाच मिनिटं नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. पहिली दोन मिनिटं वर्गाची हसण्यात गेली, शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. मग हळूहळू शांत झालं. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, हिचा एक डोला बारीक आहे.”

“मग तसाच काढ.”

“चुकल्यासारखा दिसेल.”

या दोन शब्दांशी मी पुढची सगळी वर्षं भांडते आहे. त्या पोराचं चुकत नव्हतं. त्याच्या घरी दोन डोळ्यांत सुताचा फरक पडला तर मूर्ती मागे पडते, गिऱ्हाईक हात लावत नाही. आणि मी त्याला सांगत होते, फरक बघ.

याहून मोठी फजिती झाली ती शाडूच्या कार्यशाळेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्लास्टरविरोधी मार्गदर्शक तत्त्वं मे २०२० मध्ये आली आणि पुढे शाळाशाळांतून पर्यावरणपूरक गणपतीचे उपक्रम सुरू झाले. मुलांना शाडूचा गणपती शिकवायचा, फोटो काढायचे, वर पाठवायचे. मी गोळे वाटले आणि सोंड कशी वळवायची ते दाखवू लागले. समोरचे चेहरे अतिशय सभ्यपणे ऐकत होते. एक मुलगी न राहवून उठली, माझ्या हातातला गोळा घेतला, ओल्या फडक्यावर आपटून मळला आणि म्हणाली, “बाई, हवा राहिली तर तडकतो.” पाच मिनिटांत तिचा गणपती बसला. माझ्या गणपतीची सोंड संध्याकाळपर्यंत गळून पडली. तास संपल्यावर तिनेच विचारलं, शाडू चांगला आणि प्लास्टर वाईट, तर मग बाबांनी कर्ज काढून भरलेल्या मालाचं काय करायचं? नद्या, खाड्या, मासे सगळं मला ठाऊक होतं, विसर्जनानंतरचा किनाराही मी पाहिला आहे. तरी त्या मुलीला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फळा पुसत राहिले.

आता मी रोह्यात शिकवते. राहायला पेणलाच. रोज गाडीने कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. गाडीत माझी ओळख ‘पुंगळीवाल्या बाई’ अशी आहे, कारण बगलेत कार्डशीटची गुंडाळी कायमची. पावसाळ्यात तिला प्लास्टिक आधी, मला छत्री नंतर.

रोह्याच्या पोरांची गंमत उलटी. घरात ब्रश नाही, साचा नाही. कुणाचे वडील धाटावच्या कारखान्यात पाळीवर, कुणाचं भाताचं शेत, कुणाचं बाजारात दुकान. निसर्गचित्र काढा म्हटलं की दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये हसरा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर एक झोपडी. सूर्याला माझी हरकत नाही, कोकणात तो डोंगराआडूनच येतो. पण त्रिकोण? मी त्यांना उठवून अवचितगड दिसेल अशा जागी नेते. बघा, कुठे आहे टोक? माथा पसरलेला, उतारावर दाट झाडी, मध्येच कडा तुटलेला. आणि कुंडलिका नागमोडी असेल, पण निळी कधी होती? जुलैत ती लाल चहासारखी असते. पोरं रंगपेटीत तो रंग शोधतात, सापडत नाही, मग तपकिरीत थोडं पिवळं घालून बघतात. तो तास मला आवडतो.

अक्षरलेखनाच्या तासाला मी चिंतामणराव देशमुखांची गोष्ट सांगते. ज्यांचं बालपण याच रोह्यात गेलं, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि त्यांची सही देशभरच्या नोटांवर फिरली. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग आपापली सही गिरवून आणतो. परीक्षेत याचा उपयोग शून्य.

एक कातकरी मुलगा होता. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर गेले की शाळेतून नाहीसा व्हायचा, पावसाआधी परत यायचा. त्याने एकदा शेतातला मुठा, म्हणजे खेकडा, काढला. शेजारच्याने पुस्तकातलं चित्र पुढे करून सांगितलं, पाय आठच असतात. याने शांतपणे दोन नांग्या वेगळ्या मोजून दाखवल्या, मागच्या पायांचा बाक दाखवला, मादीचं पोट रुंद असतं म्हणून ते उलटं करून शेजारी काढलं. त्याचा हात ओबडधोबड होता, रेघ दाबून काढलेली, कागद फाटेपर्यंत. पण हमरापूरच्या त्या सुंदर डोळ्यांसमोर हा मुठा ठेवला तर मी कुणाला किती गुण देईन, हे मला आजही ठरवता येत नाही.

गुणांचं सोडा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणी मिळाली की दहावीत ७ वाढीव गुण मिळतात, त्या आशेने आठवीनंतर पालक एकदम चित्रकलेची चौकशी करू लागतात. एरवी आमचा तास म्हणजे इंग्रजीचा पोर्शन उरला तर घ्यायचा तास. शिक्षण हक्क कायद्यानेही उच्च प्राथमिक शाळेत कलेसाठी जो माणूस सांगितला आहे तो अंशकालीन. उरलेल्या काळात पाहुण्यांसाठी रांगोळी, संमेलनाचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावं. त्या नावांवर मात्र मी मनापासून वेळ घालवते.

गेल्या वर्षी श्रावणात हमरापूरला गेले होते. ‘डोला असाच आखतात’ म्हणणारा तो मुलगा आता स्वतःच आखणीला बसतो. पोरगेल्या मिशा, मांडीवर मूर्ती, डावीकडून उजेड. मी आल्याचं कळलं तरी डोळा पुरा होईपर्यंत त्याने मान वर केली नाही. मग हसला, चहा सांगितला आणि ब्रश माझ्यापुढे धरला.

“बाई, एक तुम्ही आखा.”

मी नको नको म्हणत बसले. कोपर टेकवलं, श्वास धरला. रेघ निघाली, पण पापणीच्या टोकाशी थरथरली. त्याने ओल्या फडक्याने पुसून टाकली असती तरी चाललं असतं. त्याने पुसली नाही. मूर्ती स्वतःकडे फिरवली, माझ्या रेघेकडे बराच वेळ बघितलं आणि दुसरा डोळा आखला. दोन्ही जुळले नाहीत. एक किंचित बारीक राहिला.

त्याने ती मूर्ती उचलून विकायच्या रांगेतून बाजूला, घरच्या फळीवर ठेवली आणि पुढची मांडीवर घेतली.