बारदाना आणि क्रेडिट

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. चार दिवस सुट्टी टाकून गावी गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं तुमसर रोडला उतरायचं, पुढे मोटरसायकल. घरी पोचलो तर अंगणात धानाचे कट्टे रचलेले, वर ताडपत्री, आणि बाबा ढगांकडे बघत बसलेले. केंद्रावर नंबर लागला होता, पण मोजणी बंद. का? तर बारदाना नाही.

पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. बारदाना म्हणजे रिकामी पोती. भंडारा जिल्ह्यात धान हमीभावानं खरेदी केंद्रावर विकायचा तर तो तुमच्या पोत्यांतून त्यांच्या पोत्यांत मोजून भरला जातो, एकेक ४० किलो. रिकामं पोतं नाही तर काटाही नाही. तुमचा धान कितीही वाळलेला, चाळलेला असो, बसा घरी.

शनिवारी सकाळी अकराला फोन वाजला. एका क्लायंटचे (नाव राहू द्या) डेटाबेस सर्व्हर पहाटेपासून रडत होते. एरवी तासाभरात संपणारी बॅच अर्धीही सरकली नव्हती. व्हीपीएन जोडायला घरात रेंज नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. मोबाइलचं हॉटस्पॉट, वरून ऊन. पण काम चाललं.

ज्यांचा स्टोरेज नेटवर्कशी संबंध नाही त्यांच्यासाठी चित्र असं: एका टोकाला स्टोरेज, ते मुख्य स्विचला जोडलेलं. तिथून एक जाड लिंक दुसऱ्या स्विचकडे. त्या दुसऱ्या स्विचवर सगळे सर्व्हर. मी मुख्य स्विचवर शिरलो आणि ब्रोकेडवाला पहिली कमांड मारतो तीच मारली, पोर्टएररशो. त्या जाड लिंकच्या पोर्टसमोर टाकून दिलेल्या फ्रेम्सचा आकडा पन्नास हजारांच्या घरात! आणि गुरुवारी त्याच लिंकची पॅच कॉर्ड बदलली होती. बदलणारा आमच्याच टीमचा, सहा महिन्यांपूर्वी कंत्राटावर लागलेला मुलगा.

झालं. मी मेल ठोकला. 'गुरुवारच्या केबलच्या कामानंतर लिंकवर एरर दिसत आहेत, संबंधितांनी खुलासा करावा.' सीसीमध्ये मॅनेजर आणि क्लायंटचा माणूस. वीस मिनिटांत क्लायंटचं उत्तर आलं, त्या मुलाला साइटवरून काढा.

आता यातली माझी चूक सांगतो, कारण ती शाळकरी आहे. ते काउंटर बेरजेचे असतात. कोणी पुसले नाहीत तर महिनोन्‌महिने साचत राहतात. पन्नास हजार हे गुरुवारपासूनचे की गेल्या दिवाळीपासूनचे, हे त्या आकड्याकडे बघून कळतच नाही. आधी सध्याचे आकडे जपून ठेवायचे, मग स्टॅट्सक्लिअर, दहा मिनिटं थांबायचं, मग बघायचं. हे मी स्वतः नवीन पोरांना शिकवतो! त्या दिवशी नाही केलं.

मेल गेल्यावर केलं. (हो, गेल्यावर.) दहा मिनिटांनी पाहिलं तर सीआरसी एरर शून्य. एन्कोडिंगचे एरर शून्य. एसएफपीशोमध्ये दोन्ही बाजूंची प्रकाशाची पातळी उणे तीन डीबीएमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. वाईट केबल अशी दिसत नाही. ती फ्रेम्स खराब करते, सीआरसीचा आकडा वर चढतो. इथे फ्रेम्स चांगल्या होत्या, फक्त वाट बघून बघून वेळ संपल्यामुळे टाकल्या जात होत्या.

वाट कसली, ते महत्त्वाचं. फायबर चॅनेलमध्ये पाठवणारा मनाला येईल तेव्हा पाठवत नाही. समोरच्याकडे किती बफर रिकामे आहेत तेवढी क्रेडिट त्याच्याकडे असतात. एक फ्रेम पाठवली की एक क्रेडिट कमी. समोरच्यानं बफर मोकळा केला की क्रेडिट परत. शून्य झालं की गप उभं राहायचं. किती वेळ उभं राहावं लागलं तेही स्विच मोजतो, पोर्टस्टॅट्सशोमध्ये, अडीच मायक्रोसेकंदांचा एकेक ठोका. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त चार लाख. जाड लिंकचा हा आकडा धावत होता. याचा अर्थ दोष लिंकचा नाही, तिला क्रेडिट मिळत नाहीयेत. अडवणारा पलीकडे आहे.

इतक्यात खालून बाबांचा आवाज. ते केंद्रावर जाऊन परत आले होते. तिथं लोक काट्यावरच्या पोराला शिव्या घालत होते म्हणे. "त्याले बोलून का फायदा? गोदाम ठासून भरलं आहे, मिलवाला माल उचलून नाही राहिला, मंग बारदाना कुठून देईन तो?"

इथे मला साक्षात्कार झाला असं लिहिलं असतं तर पोस्ट झकास झाली असती. तसं काही नाही. मी "हं" म्हटलं आणि पुढच्या स्विचवर लॉगिन करत राहिलो. अर्थ संध्याकाळी जेवताना लागला.

दुसऱ्या स्विचवर एकेक पोर्ट. डेटाबेस सर्व्हरचे पोर्ट निवांत. आणि एक बॅकअप सर्व्हर. पोर्टएररशोमध्ये त्याच्यासमोर एरर नावालाही नाही, सगळ्यात सज्जन. वाहतूकही फारशी नाही. पण क्रेडिट शून्य असल्याचा आकडा सेकंदाला तीन लाखांच्या आसपास वाढतोय. म्हणजे त्याच्याकडे जाणारा माल चारातला तीन हिस्से वेळ दारातच उभा. हा घेत नाही म्हणून स्विचचे बफर भरलेले, ते भरलेले म्हणून जाड लिंक थांबलेली, आणि त्याच लिंकवरून येणारे बाकी सगळे मागे रांगेत. याला आमच्याकडे स्लो ड्रेन म्हणतात. बोंब मारत होते डेटाबेसवाले, अडवत होता हा मुका.

क्लायंटला विचारून बॅकअप थांबवला, तो पोर्ट बंद केला. मिनिटाभरात बॅच धावायला लागली. पुढे त्या सर्व्हरचं कार्ड बदललं.

राहिला मेल. दुपारी तीन वाजता तो लिहायला बसलो आणि पाऊण तास लागला. पहिल्या मसुद्यात 'प्राथमिक विश्लेषणात काही बाबी स्पष्ट नव्हत्या' असलं काहीतरी होतं. खोडलं. 'केबलचं काम बरोबर होतं. मी काउंटर न पुसता जुने आकडे वाचले. चूक माझी.' त्याच सगळ्यांना सीसी. क्लायंटनं मुलाला ठेवलं, पण त्या माणसाला समजवायला मॅनेजरला दोन फोन करावे लागले.

रात्री मुलाला फोन केला. माफी मागितली, मग गप्प राहवेना म्हणून सगळं प्रकरण समजावून सांगायला लागलो, गोदाम, मिल, बारदाना घालून. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, मी गुरुवारी काम झाल्यावर काउंटर क्लिअर करायला परवानगी मागितली होती. चेंजमध्ये लिहिलेलं नाही म्हणून तुम्हीच नको म्हणालात."

मेल शोधला. म्हटलं होतं.

बाबांचा धान नवव्या दिवशी मोजला गेला. तोवर दोन पाऊस झाले, खालच्या थरातले सात कट्टे ओले झाले. ते परत अंगणात पसरून वाळवले.