तुळईची चार पेनं

पेनाला क्लिप लागते, कारण माणूस वाकतो. खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याला हे सांगून पटत नाही. त्याचं पेन टेबलावर, नाहीतर चामड्याच्या खोळीत. पुण्याची बरीच गिऱ्हाइकं मला म्हणतात, क्लिप नकोच, लाकूड कसं गुळगुळीत राहू द्या. त्यांचं खरं असेल. पण आमच्या भरे गावात आषाढात भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या खिशातून पेन खाचरात पडलं, की ते पुढच्या वर्षीच्या चिखलणीलाच वर यायचं. आमच्या आळीतल्या तात्यांची अशी तीन पेनं गेली. सोसायटीचं लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असायचं, त्यामुळे सदऱ्याच्या खिशाला पेन आणि डोक्यावर इरलं अशाच थाटात ते बांधावर उभे राहायचे. उभे राहिले तर ठीक. पण रोप पिवळं दिसलं की हा माणूस वाकायचाच.

मी सुताराच्या घरातला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. नांगर, कुळव, जू, बैलगाडी, सगळं त्यांच्या हातचं. सुगी झाली की बलुत्याचं भात घरी यायचं. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि दादांचं वाकस पडवीच्या आढ्याला अडकलं ते कायमचंच. मी औंधच्या आयटीआयला टर्नरचा ट्रेड केला, पिरंगुटच्या एका कारखान्यात टूलरूमला लोखंड कातलं. पंधरा वर्षांनी वापरलेलं एक छोटं लेथ विकत घेऊन घरीच लाकडाची पेनं करायला लागलो. दादा पहिल्या दिवशी लेथकडे बघत म्हणाले, "आरं, मंग कातारीच झालास की." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांनाच ठाऊक.

तात्यांचं घर दोन वर्षांपूर्वी पाडलं. चार भाऊ, चार वाटण्या, मध्ये मोजणीचे दगड. एका भावाशी दुसऱ्याचं बोलणं नाही, तिसऱ्याचं कोणाशीच नाही. हे आमच्याकडे नवं राहिलेलं नाही. हिंजवडी जवळ आली तशी जमीन गुंठ्यात बोलायला लागली. घराचं सागवान एका व्यापाऱ्यानं उक्तं घेतलं. माजघराची तुळई त्यानं भिंतीलगत करवतीनं कापून काढली. भिंतीच्या आत गेलेलं टोक दगडमातीत तसंच राहिलं. ते काही मोलाचं नव्हतं. दीड वीत लांब, वरून वाळवीनं खाल्लेलं, एका बाजूला गंजक्या खिळ्यानं काळा पडलेला डाग. तात्या ते पोत्यात घालून माझ्याकडे आले.

"ह्याची पेनं निघतील का रं?"

मी वाकसानं कड उडवली. आत लाकूड शाबूत होतं, मधासारखं. नख रुतेना. हिशेब केला तर चार पेनांपुरतं भरत होतं. एखादं फुटलं तर पाचवं करायला ढलपीसुद्धा उरणार नव्हती.

"चारच निघतील, तात्या."

"चारच पायजेत. चौघांना येक येक." मग थोडं थांबून, "क्लिप मातर पायजे. पन ती कशानं धरलीया त्ये दिसाया नको. बाहेरनं रिंगा-फिंगा नको. तुळईवर पत्रा मारल्यावानी वाटतं मला."

क्लिप लपवायची म्हणजे काय, ते जरा सांगतो. सुरुवातीच्या काळात शाईपेनाला क्लिप नसायचीच. अमेरिकेतल्या वॉटरमन कंपनीनं १९०५च्या सुमारास टोपणाला रिवेट मारून क्लिप बसवली. पार्करनं १९१६मध्ये दुसरी युक्ती काढली. क्लिपच्या वरच्या टोकालाच एक वॉशरसारखी चकती ठेवली आणि ती टोपणाच्या माथ्यावर स्क्रूनं दाबून धरली. रिवेट गेले, पण चकतीची कड बाहेरून दिसायची. ती कड आत घालवली की क्लिप लाकडातून उगवल्यासारखी दिसते. ऐकायला सोपं आहे. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोपणात करायलाही सोपं आहे. लाकडात अवघड आहे, कारण लाकूड मेलं तरी श्वास घेतं.

मुळशीच्या पावसात राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ज्येष्ठापर्यंत दाराला हात लावला की ते उघडतं, श्रावणात खांदा लावावा लागतो. दार अडतं ते रुंदीत. उंचीत ते कधी वाढलेलं दिसणार नाही. लाकूड तंतूंच्या आडव्या बाजूला फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. पेनाचे तंतू उभे असतात. क्लिप बाहेर येण्यासाठी टोपणाच्या काठाला उभी खाच पाडायची, म्हणजे तंतूंच्या वाटेनंच चीर सुरू करून द्यायची. पावसाळ्यात खाच आवळते, वैशाखात लाकूड आकसतं, आणि एक दिवस खाचेच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ खाली धावते.

म्हणून मी टोपणात आधी एबोनाइटची नळी बसवतो. एबोनाइट म्हणजे रबर आणि गंधक तापवून केलेला कडक काळा पदार्थ. राजमहेंद्रीच्या रत्नम यांच्या ज्या पेनाबद्दल गांधीजींनी १९३५मध्ये आभाराचं पत्र लिहिलं, ते याच कुळातलं. ते दमटपणानं लाकडासारखं फुगत नाही. टोपणाच्या माथ्याला आतून एक उथळ वाटी कोरायची. वाटीच्या तळाशी एबोनाइटची कड येते, तिच्यावर क्लिपची चकती बसते. वरून एबोनाइटचंच बोंड नळीतल्या आट्यांत फिरवून घट्ट करायचं. चकती दोन एबोनाइटांच्या मध्ये धरली जाते, खाचेचं तोंड बोंडाच्या कडेखाली झाकलं जातं. लाकडावर क्लिपचा काहीच भार नाही. जुन्या घरांचं असंच असायचं. छपराचा भार खांबांवर आणि तुळयांवर, मधल्या भिंती नुसत्या आडोशाला. भिंत ढासळली तरी घर उभं राहायचं.

हे सगळं कागदावर झालं. प्रत्यक्षात तात्यांच्या सागाच्या पहिल्या तुकड्याला खाच पाडायची वेळ आली तेव्हा मी तीन दिवस दुसरीच कामं करत बसलो. साग हत्याराची धार लवकर खातो, त्याच्यात रेतीचा अंश असतो. तेलकटपणामुळे चिकटवलेलं नीट धरत नाही, आधी अॅसिटोननं पुसून घ्यावं लागतं. आणि इतक्या वर्षांचा वाळलेला साग ठिसूळही होतो.

दादा पडवीत बसून बघत होते. चौथ्या दिवशी उठून आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी टोपणाच्या काठावरून अंगठा फिरवला.

"खाच कुठवर जाणार?"

मी नखानं दाखवलं.

"तिथं आधी भोक पाड. गोल. मंग वरनं खाच त्येच्यात उतरव. चीर पळती ती कोपऱ्यातनं. गोलाला कोपरा नसतो."

जू चिरायला लागलं की ते चिरेच्या टोकाला सामत्यानं भोक पाडायचे, हे मी लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. टूलरूममध्ये लोखंडालाही तेच करतात. मी एक मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक पाडलं आणि बारीक कानशीनं खाच वरून खाली त्याला नेऊन मिळवली.

"आता क्लिप किती घट्ट बसवनार?"

"अगदी फिट्ट."

"मंग फुटंल." दादांनी खिशातून चुन्याची डबी काढली. "नांगराची पाचर आम्ही ठोकायचो, पन काढता यील अशी. पावसात लाकूड फुगतंय, त्येला जागा नको व्हय? झाकायचं, पन कोंडायचं न्हाय."

क्लिपच्या दोन्ही बाजूंना पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवली. हातात घेऊन तिरपं धरल्याशिवाय ती दिसत नाही. बोंडाच्या आट्यांना डिंकजातीचं पक्कं काही लावलं नाही, चपडी लाखेचा नुसता हात दिला. ऊब दिली की लाख सैल होते आणि बोंड उघडतं. उद्या क्लिप मोडली तर दुसरी घालता येईल. पेन विकणारे काही जण याला कच्चं काम म्हणतात. म्हणोत बापडे.

क्लिप मी फॉस्फर ब्राँझच्या पट्टीतून कापतो. बोहरी आळीतून पट्टी आणायची, कापायची, वाकवायची, टोकाला थोडा उठाव द्यायचा म्हणजे कापडावर सरकते. किती ताण ठेवायचा हे मापानं ठरत नाही. टेरीकॉटच्या शर्टाला जो पुरतो तो जाड खादीला फार होतो, खिसाच फाटतो. तात्यांचा एक जुना सदरा मी मागून आणला होता. तो अंगात घालून, खिशाला पेन लावून, अंगणात भात लावल्यासारखा वाकत मी मागे मागे सरकलो. बायको दारातून बघत होती. तिनं काही विचारलं नाही, फक्त शेजारणीला हाक मारून बोलावलं.

चारही पेनं झाली. खिळ्याचा काळा डाग एकाच पेनाच्या अंगावर आला. तात्यांनी चारही तळहातावर घेतली, खाच कुठं आहे ते अंगठ्यानं शोधलं, आणि डागाचं पेन स्वतःच्या खिशाला लावलं.

"ह्यो खिळा आईचा. आमच्या समद्यांचा पाळना त्येलाच टांगायची."

दोन पेनं त्यांनी स्वतः नेऊन दिली. थोरल्यानं घेतलं. धाकट्यानं घेतलं, पण सुनेच्या हातात, स्वतः बाहेर न येता. चौथं पेन घेऊन ते तिसऱ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत माझ्याकडे आले. "तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. माझ्याकडं बघून घ्यायचा न्हाय त्यो. तुझ्याकडं आला तर आला."

त्याला दोन पावसाळे झाले. तिसरे भाऊ माझ्या दारावरून दुधाची किटली घेऊन रोज जातात. एकदा थांबून, लेथवर काय चाललंय म्हणून विचारलंही त्यांनी. मी पेन दाखवलं, कोणाचं ते सांगितलं नाही. त्यांनी क्लिप उचलून सोडली, पुन्हा उचलून सोडली आणि "बरी बसवलीया" म्हणून गेले.

भाद्रपदात पाऊस ओसरला की मी ते पेन काढतो, बोंडाला ऊब देऊन उघडतो, चकती पुसतो आणि खाचेत पोस्टकार्डाचा कपटा सरकवून बघतो. या वर्षी कपटा थोडा अडला, पण गेला. लाकडाला अजून रेघ नाही.