प्रेक्षकाविना अस्सलपणा

ब्वेनोस आइरेसच्या मिलोंगांत, म्हणजे सामाजिक टँगोच्या मेळाव्यांत, नृत्याचे आमंत्रण परंपरेने शब्दांतून दिले जात नाही. दुरून नजर भिडते, मान किंचित हलते. मग ३-४ रचनांच्या एका ‘तांदा’पुरती दोन माणसे, पुष्कळदा अपरिचित, मिठीत येतात, दाटीतून घड्याळाच्या उलट दिशेने सरकतात आणि विलग होतात. पावले आधी ठरलेली नसतात. छातीच्या सूक्ष्म हालचालीतून एकाचा मनोदय दुसऱ्याला उमगतो.

१९८३ साली पॅरिसमध्ये ‘तांगो आर्खेंतिनो’ रंगमंचावर आले आणि जगभर टँगोला नवा प्रेक्षक लाभला. २००३पासूनच्या जागतिक स्पर्धेत तर मिलोंगातील शैलीलाही परीक्षक गुण देऊ लागले. परंतु या नृत्यातील भावनेची साक्ष पाहणाऱ्याच्या डोळ्यांपाशी नसते. ती जोडीदाराच्या देहापाशी असते.

अस्सल भावना संकेत झुगारूनच प्रकट होते, ही रोमँटिक धारणाही येथे टिकत नाही. संकेत काटेकोर असतात, म्हणूनच अपरिचिताच्या मिठीत निर्धास्तपणे डोळे मिटता येतात. तांदा संपतो, जो तो आपल्या जागी परततो. ती जवळीक पुढे टिकली नाही, म्हणून ती खोटी होती असे म्हणता येत नाही.