मास्तर आणि पात्रांवचं तावेर्न

गेले काही दिवस इंदूर-बडोद्याच्या लोकांनी वाडे, सराफा, गणपतीचे मेळे यांवर इतकं छान लिहिलंय की आपणही काहीतरी लिहावं असं वाटत होतं. पण आमच्या म्हापशाकडच्या वाड्यावर आठवणीत राहावी अशी जागा म्हणजे एक तावेर्न. ज्येष्ठांनी आधीच क्षमा करावी.

तावेर्न म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. काळ्या काचेचा, आत मिट्ट अंधार असलेला बार डोळ्यांसमोर आणू नका. घराचीच पुढची खोली, लाकडी काउंटर, मागे काजू आणि माडाच्या फेणीचे मोठे काचेचे बुधले, वर सेक्रेड हार्टची तसबीर आणि तिच्यासमोर लाल दिवा. बाहेर बसायला सिमेंटचा सोपो. संध्याकाळी कामावरून आलेला गवंडी एक कोप घेतो, उकडलेलं अंडं नाहीतर तळलेला बांगडा खातो, चार गोष्टी बोलतो आणि घरी जातो. एप्रिल-मेमध्ये हुर्राक आला की गर्दी वाढते, एवढंच. २००९ साली काजू फेणीला जीआय मिळालं तेव्हा पेपरात फोटोबिटो आले. आमच्या तावेर्नात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. "आमकां खबर आसलें" म्हणाले.

मालकाला सगळे पात्रांव म्हणायचे. नाव मलाही कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं.

आमचे अण्णा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर. आमचं घराणं मूळचं सावंतवाडीकडचं, पण चार पिढ्या इथेच. घरात मराठी, दारात कोंकणी. अण्णा कट्टर. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी फुलावर शिक्का मारला, म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावं म्हणून. पात्रांवनं दोन पानांवर मारला, म्हणजे गोवा वेगळा राहावा म्हणून. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं, आणि त्यावरून दोघे रोज एकमेकांना टोमणे मारत. भांडण मात्र नव्हतं. चवथीला आमच्या नेवऱ्या तिकडे, नाताळला त्यांचं दोदोल इकडे.

अण्णा तावेर्नाची पायरी कधी चढले नाहीत. मास्तर तिथे दिसले तर पालक काय म्हणतील! बाहेर सोप्यावर बसायचे, आणि पात्रांव आतून सोडा पाठवायचा. साधा सोडा, मीठ घालून.

२९ जून १९८६. अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनीची फायनल. वाड्यावर टीव्ही दोनच, त्यातला एक तावेर्नात. आपल्याकडे रात्री साडेअकराला मॅच सुरू झाली. मी बारा वर्षांचा, अण्णांच्या मांडीला टेकून सोप्यावर. पात्रांवनं काउंटरवरचा टीव्ही खिडकीकडे वळवला, मास्तरांना बाहेरून दिसावा म्हणून. आतली गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यांना मान वाकडी करून बघावं लागत होतं. बाहेर धो धो पाऊस. अर्जेंटिना २-० पुढे. मग जर्मनीनं एक फेडला, थोड्या वेळानं दुसराही. २-२. आणि वीज गेली.

पात्रांवनं मेणबत्ती लावली. अर्धा तास सगळे तसेच बसून राहिले. कुणी म्हणे मॅराडोना मारणारच, कुणी म्हणे आता जर्मनी सोडत नाही. वीज आलीच नाही. सकाळी रेडिओवर कळलं की ३-२, अर्जेंटिना. बुरुचागाचा तो गोल आम्ही दोन्ही घरांनी पाहिलाच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात भाषेचं आंदोलन पेटलं. राजभाषा कोंकणी की मराठी, यावर आजही दोन्हीकडची मंडळी तावातावानं बोलतात. मी त्यात शिरत नाही. आमच्या घरापुरतं सांगतो. एका रात्री आजीला श्वास लागला. अण्णांनी टॅक्सी काढली, तर पुढच्या वळणावर रस्त्यात फणसाचं झाड आडवं टाकलेलं. तिथल्या पोरांत पात्रांवचा धाकटा भाऊ उभा. झाड हललं नाही. आजीला घेऊन परत आले, पहाटे शेतातल्या वाटेनं खुर्चीत बसवून नेलं. ती वाचली, पुढे सहा वर्षं जगली. पण त्या सकाळनंतर अण्णा सोप्यावर कधी बसले नाहीत.

एवढी गोष्ट मला माहीत होती, अण्णांनी सांगितलेली. उरलेली अर्धी मला पात्रांवच्या मुलानं सांगितली, तीही मी चाळिशीत आल्यावर. हो मंडळी, मी तावेर्नात जातो. नोकरी लागल्यापासून दर रविवारी. एक बिअर, रस आमलेट आणि टीव्हीवर जी असेल ती मॅच. २०१५ च्या डिसेंबरात एफसी गोवा आयएसएलची फायनल फातोर्ड्यात, आपल्याच मैदानावर हरली, तेही शेवटच्या मिनिटांत दोन गोल खाऊन, ३-२. त्या रात्री तावेर्नात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्या शांततेत तो मला म्हणाला, "तुझ्या अण्णांनी माझ्या पायला काय म्हटलेलं, ठाऊक आहे तुला?"

त्या सकाळी आजीला पोचवून आल्यावर अण्णा तावेर्नाच्या दारात गेले होते आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते, "तुम्ही पाखलेच. तुमची जागा लिस्बनला. तिकडेच जा."

पात्रांव काउंटर पुसत राहिला. काही बोलला नाही. आता हे ऐका. पात्रांवच्या वडिलांना पोर्तुगिजांच्या पोलिसांनी दोन महिने आत टाकलं होतं. पाठीवरचे वळ म्हातारपणापर्यंत होते. वाड्यावर सगळ्यांना माहीत. अण्णांनाही माहीत.

मी घरी आलो. अण्णा पेपर वाचत होते. विचारायचं धाडस झालं नाही. पुढेही झालं नाही.

एक मात्र सांगायला हवं. या सगळ्या वर्षांत नेवऱ्या आणि दोदोल थांबले नव्हते. आई आणि पात्रांवची बायको मागच्या दारानं ताटं द्यायच्या-घ्यायच्या. अण्णा दोदोल खायचे आणि कुठून आलं ते विचारायचे नाहीत. आमच्या घरात न विचारण्याची कला सगळ्यांनाच अवगत होती.

मग आला १८ डिसेंबर २०२२. रविवार. अर्जेंटिना आणि फ्रान्सची फायनल. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. अण्णा चौऱ्याऐंशीचे. आमच्या घरी मॅच मोबाइलवरच, आणि अण्णांना त्यात बॉल दिसत नव्हता. संध्याकाळी मी शर्ट घालत होतो तर म्हणाले, "तिथे मोठा टीव्ही आहे म्हणे." मी हो म्हटलं. "मग मला घेऊन चल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती म्हणाली, "स्वेटर घालून न्या."

तावेर्नात नाताळची नखेत्रं लटकत होती. पात्रांव कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत. वय शहाऐंशी, कान मंद, मूड वाईट. आठवडाभरापूर्वी मोरोक्कोनं पोर्तुगालला घरी पाठवलं होतं. अण्णा दारात थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत यायचं होतं. मी हात धरला. सगळे गप्प झाले. पात्रांवनं मान वर केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मास्तर. येयात, बसात." मग मुलाला, "सोडा हाड. मीठ घालून."

दोघे शेजारी बसले. बोलणं नाही. मेस्सीनं पेनल्टीवर गोल केला, डी मारियानं दुसरा. २-० झालं तेव्हा अण्णांनी टाळी वाजवली. पात्रांवनं बांगड्याची बशी त्यांच्याकडे सरकवली. अण्णांनी एक तुकडा घेतला.

ऐंशीव्या मिनिटाला एम्बापेनं एक फेडला, आणि लगेच दुसरा. २-२. अख्खं तावेर्न उभं. त्या गोंधळात पात्रांव अण्णांकडे वाकून म्हणाला, "मास्तर, आतां वीज वतली."

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले की सोडा स्वेटरवर सांडला. "वीज गेली तर मी काही मेणबत्तीत बसणार नाही या वेळी," ते म्हणाले. पात्रांव म्हणाला, "इन्वर्टर आसा." आणि मग दोघांचं सुरू झालं. एक मराठीत, एक कोंकणीत, पूर्वीसारखंच. त्या रात्री किती वेळ वीज गेली होती, मेणबत्ती कुणी आणली, पाऊस होता की नव्हता. पाऊस नव्हताच म्हणे पात्रांव! जादा वेळेतला मेस्सीचा गोल दोघांनी पाहिला की नाही, शंका आहे. ३-३ झालं, तेव्हा विचारत होते कुणी मारला.

पेनल्टी सुरू झाल्या. अण्णा अचानक गंभीर झाले. पात्रांवच्या कानाशी वाकले. मी मागे उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. "पात्रांव, त्या वेळी मी तुम्हाला जे बोललो, ते..." आणि तेवढ्यात मोंतिएलनं शेवटची पेनल्टी मारली. टेबलं बडवली, बाहेर फटाके, कुणी पोरगं खुर्चीवर चढलं. पात्रांवनं कानामागे हात धरला. "कितें?"

अण्णा थांबले. "काही नाही. जिंकले म्हटलं."

"जिखले, जिखले," पात्रांव म्हणाला आणि अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

सोड्याचे पैसे घेतले नाहीत. माझ्या बिअरचे घेतले.

परत येताना रस्त्यावर पोरं नाचत होती. शाळेच्या फाटकावर दुसऱ्या दिवशीच्या मुक्तिदिनाच्या पताका लावून झाल्या होत्या. अण्णा काठी टेकत हळूहळू चालत होते. आमच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "ऐकलं का रे त्यानं?"

"माहीत नाही, अण्णा."

त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. थोड्या वेळानं म्हणाले, "टीव्ही चांगला आहे त्याचा."

जानेवारीत एफसी गोवाची मॅच होती. मी काही म्हणायच्या आत अण्णा चपला घालून ओसरीवर उभे होते.