मिसचे दोन अंगठे

पॉइंट शूज घालून मी एका पायावर, बारला, म्हणजे आधाराच्या दांडीला, हात न लावता उभी राहू शकते, ही माझ्या पारशी मिसची देणगी. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या इमारतीत, लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये त्या बॅले शिकवायच्या. मी तिथे गेले ती भरतनाट्यमची काही वर्षं गाठीशी बांधून. अरमंडीमुळे, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्यामुळे, मांड्या बाहेर वळवायची सवय होती, पायात ताकदही होती. तोल मात्र नव्हता. भरतनाट्यममध्ये अख्खा तळवा जमिनीवर पडतो. इथे सगळं शरीर बोटांच्या टोकांवर पेलायचं होतं.

बघणाऱ्याला वाटतं, सगळी कमाल बुटाची. कापड, कागद आणि गोंद यांच्या थरांची कडक पेटी बुटाच्या टोकाला असते, तळव्याखाली ताठ पट्टी असते, हे खरंच. तरी मिस सांगायच्या, ‘‘बूट तुला उचलणार नाही, डिकरा. जमिनीला खाली ढकल, वर जाणं आपोआप होईल.’’

माझा घोटा करंगळीच्या बाजूला कलायचा. पॉइंटवर हे धोक्याचं, पाय मुरगळतो तो याच बाजूला. रबरी पट्ट्याला पाऊल अडकवून बाहेर रेटायचं, बोटं न मुडपता तळव्याची कमान उचलायची, असे व्यायाम मिसनी दिले. फरक पडला, पण पुरता नाही. मग एका संध्याकाळी, वर्ग सुटल्यावर, सत्तरी ओलांडलेल्या मिस माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या. कंबरेच्या पुढच्या दोन हाडांवर त्यांनी आपले दोन अंगठे ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘डाव्या पायावर चढ.’’ मी चढले. उजव्या हाडावरचा अंगठा खाली घसरला. मलाही तो दिसला. ‘‘तू इथून पडतेस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घोटा बिचारा सावरायला धावतो.’’

उभ्या पायाच्या कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू ढिला असला, की दुसरीकडची कंबर खाली जाते, धड कलतं आणि त्याची भरपाई घोट्याला करावी लागते. त्या दिवसापासून बूट बाजूला राहिले. अनवाणी, एका पायावर, कंबरेची दोन्ही हाडं एका रेषेत ठेवून टाच सावकाश उचलायची आणि त्याहून सावकाश टेकवायची. ते जमल्यावर बारवरची बोटं एकेक करून उचलायची. शेवटी, तळवा पूर्ण टेकवून, डोळे मिटून उभं राहायचं. डोळे मिटले की कळतं, तोल म्हणजे दगडासारखं थिजणं नव्हे. घोटा सतत बारीक बारीक हलत असतो आणि ते त्याला करू द्यायचं असतं. श्वास रोखून ताठरलं, की पडलोच.

मी कंटाळले की मिस बॅले नर्तकी मारी तालिओनीची गोष्ट सांगायच्या. 1832 साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये ती बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हा आजच्यासारखी कडक पेटी नव्हतीच. मऊ सॅटिनचे बूट आणि टोकाला रफूचे टाके, एवढाच आधार. पहिल्यांदा रंगमंचावर येण्यापूर्वी तिच्या वडिलांनी व्हिएन्नात तिच्याकडून रोज सहा तास मेहनत करून घेतली, आणि त्यातला मोठा वेळ एकेका मुद्रेत न हलता उभं राहण्यात जायचा. हे ऐकून मी पुन्हा बारपाशी जायची.

हॉलला कुलूप लावायला आलेल्या रखवालदाराला मिस दर वेळी हात जोडून थांबवायच्या. त्या जादा वेळेची फी त्यांनी कधी घेतली नाही. मी फुलं घेऊन गेले, तर ती त्यांनी लहान मुलींना वाटून टाकली. आता मिस नाहीत. मी शिकवते, आणि मुलींच्या कंबरेवर तसेच अंगठे ठेवते.

मिस एका बाबतीत कठोर होत्या आणि मीही आहे. हौसेनं आणलेले पॉइंट शूज त्या पालकांना परत न्यायला लावायच्या. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी नाही, आणि त्यानंतरही पाऊल, घोटा आणि कंबर तयार झाल्याशिवाय नाही. त्या वयात पावलाची हाडं अजून वाढत असतात. तुमची मुलगी शूज मागत असेल, तर आधी तिला अनवाणी एका पायावर टाच उचलायला सांगा, आणि तिच्या शिक्षिकेला समोर बसून तिची कंबर बघायला सांगा. खरेदी त्यानंतर.