पानी की पाणी

आमच्या घरात रेडिओ आला तो उसाच्या बिलातून. भवानीनगरच्या कारखान्याचं बिल निघालं होतं, त्यात आईला लुगडं घ्यायचं ठरलं होतं, आणि तात्या इंदापूरच्या बाजारातून आले ते काखेत खोकं मारून. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच जुन्या लुगड्याच्या काठाचं झबलं शिवून रेडिओला घातलं. त्या काळी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात पैसे भरून त्याच्या पुस्तकावर तिकीट लावून घ्यायचं. तात्या ते पुस्तक सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवायचे. सेल उतरले की आम्ही ते पत्र्यावर उन्हात टाकायचो, मग आणखी दोन दिवस रेटायचे.

सकाळी सात पाचला पुणे केंद्रावर सुधा नरवणे बातम्या द्यायला लागल्या की तात्यांची आंघोळ उरकलेली असायची. संध्याकाळी बाजारभाव. त्यावर तात्या रेडिओशीच भांडायचे, "आरं, हितं कुनी देतंय का ह्यो भाव?" आणि रात्री जेवणं झाल्यावर शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मधेच खरखर. पुढं शाळेत विज्ञान शिकवताना मला कळलं की शॉर्टवेव्हची लाट वर जाते, आकाशातल्या एका थरावर आदळते आणि शेकडो कोस लांब खाली येते. तेव्हा मात्र वाटायचं, लंडनचा माणूस नीरेच्या डाव्या कालव्याच्या पलीकडून हाळी देतोय.

मला त्या पेटीत बोलायचं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती. मग आमच्या विहिरीच्या काठावर पालथं पडून मी जुना पेपर आत वाचायचो. विहीर आवाज मोठा करून परत द्यायची. एकदा आमच्या वाटेकऱ्यानं पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "पोरगं हिरीत वाकून बोलतंय, जरा बघा." आईनं दृष्ट काढली. तात्यांना मात्र खरं काय ते कळलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून चावडीवरचा पेपर वाचून झाला की माझ्यासाठी घरी आणायला सुरुवात केली.

विसाव्या वर्षी एका केंद्रावर आवाजाची परीक्षा होती. तात्यांनी शेळी विकून भाड्याचे पैसे दिले. शेळगाव फाट्यावर पहाटेची एसटी धरली. आत गार खोली, भिंतींना भोकंभोकं असलेले फळे, काचेपलीकडं दोन माणसं. कागदावर दुष्काळी कामांची बातमी होती. विहिरीत वाचायचो तसं वाचलं. बाहेर आल्यावर त्यातले एक साहेब म्हणाले, "आवाज छान आहे हो. पण तुम्ही तीनदा पानी म्हणालात."

घरी येऊन मी सांगितलं, निकाल पत्रानं कळवणार आहेत. तात्यांनी तेवढ्यावर गावभर सांगून टाकलं. पुढं सहा-सात महिने ते बातम्या लागल्या की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. मला डी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा कुठं ते थांबले. 1996 साली ते गेले. मी त्यांना खरं काय झालं ते सांगितलं नाही. आता वाटतं, त्यांना कळलेलंच असणार. पण कळलेलं असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं.

हे सगळं उकरून काढायचं कारण माझी भाची. धाकट्या बहिणीची पोर, लहानपणी सुट्टीला आमच्याकडंच. बारामतीत कॉलेज करताना ती वसुंधरा वाहिनीवर, 90.4 एफएमवर, बोलायला लागली. जिल्ह्याबाहेर न जाणारा रेडिओ, पण फाट्यावरच्या टपरीत तो लागलेला असायचा आणि मी चहा घेता घेता तिचा आवाज ऐकायचो. मग तिनं काढलं, रेडिओचंच शिकायला लंडनला जाते. बहिणीचा नवरा म्हणाला, "बोलायलाच जायचंय तर लंडन कशाला? बारामतीत बोलतीच की." रानाच्या तुकड्यावर कर्ज काढायचं होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, मामा शिकलेला म्हणून. मी हो म्हणालो. त्यात पोरीचं भलं किती आणि माझी जुनी खाज किती, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही.

पहिले सहा महिने वाईट गेले. विद्यार्थ्याच्या व्हिसावर तिथं आठवड्याला 20 तासच काम करता येतं, ते ती एका कॉफीच्या दुकानात करायची. रेडिओ म्हणावा तर एका इस्पितळातला. तिकडं इस्पितळांना रोग्यांसाठी आपला छोटा रेडिओ असतो, बिनपगारी माणसं तो चालवतात. ही वॉर्डात खाटेखाटेपाशी जाऊन कुणाला कोणतं गाणं हवंय ते लिहून आणायची. माईक दुसऱ्याच्या हातात. एका रात्री फोनवर रडली. "मामा, वर्गात मी बोलले की सगळे जरा पुढं वाकून ऐकतात. मला माझं बोलणंच बदलावं लागणार बहुतेक."

मला त्या साहेबांची आठवण झाली. पण धीर देण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं. मी स्वतः एका 'न'ला भिऊन घरी आलेला माणूस.

धीर तिचा तिलाच सापडला. महिन्याभरानं तिनं एक फोटो पाठवला. 1942 सालचा, बीबीसीच्या स्टुडिओतला. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाची उना मार्सन, मागं उभा जॉर्ज ऑर्वेल. आणि एका कडेला बसलेली साडीतली बाई. खाली भाचीनं लिहिलेलं, "ही आपल्याकडची आहे मामा. शिरोळची."

वेणू चितळे. जन्म 1912 चा, कोल्हापूरकडचं शिरोळ. शाळा पुण्यात हुजूरपागेत. विशीत लंडनला शिकायला गेली, तिथं असतानाच महायुद्ध सुरू झालं, आणि ही पोर बीबीसीत शिरली. ऑर्वेल हिंदुस्थानासाठीच्या कार्यक्रमांचं काम बघायचा तेव्हा ही त्याची मदतनीस होती. लंडनवर बॉम्ब पडत होते, धान्य रेशनवर होतं, आणि युद्धकाळच्या स्वयंपाकावरच्या रेडिओ कार्यक्रमात ही इंग्रज बायांना आपले शाकाहारी पदार्थ सांगत होती. मला त्यातली ही स्वयंपाकाची गोष्टच फार आवडली. एलियटच्या शेजारी बसणं राहू द्या, मटणाविना जेवण होतं हे इंग्रजाला पटवणं सोपं नाही. युद्धानंतर ती परत आली, 1950 ला तिची इंग्रजी कादंबरी निघाली, 1995 ला गेली. तिचं नाव माझ्या कानावर तोवर आलं नव्हतं, आणि मी तीस वर्षं मास्तर होतो.

भाची एका सुट्टीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची 200 नंबरची इमारत बघून आली. ऑर्वेलचं ऑफिस तिथं होतं. म्हणाली, "खाली दुकानंच दुकानं आहेत. तरी पाच मिनिटं उभी राहिले."

त्यानंतर बोलणं बदलायचं तिनं पुन्हा काढलं नाही. इस्पितळात एका रात्री नेहमीचा माणूस आला नाही म्हणून माईक हिला मिळाला. दम्याची एक म्हातारी होती, तिला झोप येत नव्हती. त्या एकीलाच डोळ्यांपुढं धरून मी बोलले, असं ती म्हणाली. पुढं तिथल्याच एका वस्तीच्या रेडिओवर रविवार संध्याकाळचा एक तास तिला मिळाला, मराठी घरांसाठी. पैसे जेमतेम येण्याजाण्याचे.

गेल्या आषाढात तिचा फोन. "मामा, तुकोबांची पालखी फाट्यावरून जाते ते मला ऐकवायचंय. तू सांग."

मी दोन दिवस खपून लिहून काढलं. बेलवाडीचं रिंगण, अंथुर्ण्याचा मुक्काम, फाट्यावरचं स्वागत, निमगाव केतकीचा रस्ता, सगळं शुद्ध. फोनवर वाचून पाठवलं. ऐकून तिनं परत फोन केला. "तू वाचतोयस मामा. मामीला सांगतोस तसं सांग ना."

मग कागद ठेवला आणि विहिरीवर गेलो. आता तिच्यात मोटारीचा पाइप आहे, तरी आवाज अजून घुमतो. आई पालखीच्या दिवशी फाट्यावर घागर घेऊन उभी राहायची, ते सांगितलं. एका वारकऱ्यानं ओंजळ पुढं केली आणि तात्यांनी त्याच्या हातावर धार धरली, तेही सांगितलं. कापाकापी न करता पाठवून दिलं.

रविवारी रात्री साडेनऊला तिकडचे पाच वाजतात. मोबाइल तात्यांच्या रेडिओच्या कोनाड्यात उभा केला. आधी टाळ वाजले, मग भाची बोलली, आणि मग मी. मी मान खाली घालून ऐकत होतो. बायकोनं हात वर करून नातवाला गप्प केलं.

संपल्यावर मी तिला विचारलं, "पानी म्हणालो का गं मी?"

"चारदा," ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.