रुळांच्या अलीकडचा समुद्र

वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून समुद्र दिसत नाही. गच्चीवर गेलं तर पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात, पश्चिमेला इमारतींमागे इमारती, मग रेल्वेचे रूळ. समुद्र रुळांच्या पलीकडच्यांचा, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. त्याला भेटायचं तर पूल ओलांडून अंबाडी रोड, पारनाका, वसई गाव करत सुरुची बागेत उतरायचं. पाण्याला मात्र पूर्व-पश्चिम नसते. डोंगरावर पडलेला पाऊस आमच्या नाल्यांतून, रुळांखालच्या मोऱ्यांतून खाडीला मिळतो आणि खाडी समुद्राला. वाटेत जे सुटं सापडेल ते तो बरोबर नेतो. जुलै २०१८च्या पुरात वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या. अशा पुराचं पाणी ओसरलं की कुंपणांच्या जाळ्यांवर पिशव्या लोंबताना दिसतात. ज्या अडकत नाहीत त्यांचा पत्ता मला सुरुचीच्या पुळणीवर मिळाला.

तिथे किनारासफाईचं काम ओहोटीच्या वेळेवर ठरतं. चर्चच्या युवक मंडळाची मुलं, कॉलेजचे एनएसएसवाले, निवृत्त मंडळी, आईचं बोट धरून आलेली पोरं, सगळे हातमोजे चढवून वाकतात. पावसाळी उधाणानंतर कचऱ्याची रेघ पार सुरूंच्या मुळाशी पोचलेली असते. चपला, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, निर्माल्याच्या गाठोड्यातली न कुजणारी पिशवी. कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या तर अजूनही मिळतात, १ जुलै २०२२पासून देशभर बंदी असूनसुद्धा. सगळ्यांत चिवट असतात नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते. वर हातभर दोरी दिसते, ओढायला गेलं की वाळू आणखी आणखी देत राहते. दोघा-तिघांनी मिळून, खाली उकरत, सुरीने कापतच ते निघतं. आणि थर्माकोल! त्याचे दाणे झाले की बोटांना हार मानावी लागते, मग कोणी घरून आणलेल्या चाळणीने वाळू चाळत बसतं. वेफर्सच्या पाकिटांचं वेगळंच दुखणं. प्लास्टिक आणि धातूचा पापुद्रा एकमेकांना घट्ट चिकटलेले, म्हणून भंगारवालाही ती घेत नाही.

किनाऱ्यावर दिसतं ते थोडं. उरलेलं काय होतं ते पाचूबंदरच्या कोळ्यांना विचारावं. त्यांचं डोल जाळं प्रवाहात तोंड उघडं ठेवून रोवलेलं असतं. ते माशाच्या मागे जात नाही, भरती-ओहोटी जे आणील ते पोटात घेतं. पूर्वी त्यात बोंबील, जवळा, कोळंबी असायची. आता त्यांच्यासोबत आमच्या पिशव्याही येतात, आणि बायकांना मासळीआधी प्लास्टिक निवडावं लागतं. ते श्रम मासळीच्या भावात कुठेच धरले जात नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. आमच्या गल्लीत मासे घेऊन येणाऱ्या मावशींना मी एकदा सफाईचं सांगितलं. टोपली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "करा बाय, चांगलंच हाय. पण किनारा साफ करून किती पुरणार? तुमचा नाला अडवा ना."

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याने हेच शिकवलंय. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर, अशा दोघांनी तिथे कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो हात आले. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाह यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला, आणि मार्च २०१८मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे निघाली. कितीतरी वर्षांनी. एवढं झाल्यावर माणूस किनाऱ्यावरच रमला असता. पण शाह आणि त्यांचे सोबती वर सरकले, मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत. घाण जिथून सुटते तिथे. मला या गोष्टीत कासवांइतकंच ते वर सरकणं मोलाचं वाटतं.

कारण सुरुचीवर भरलेली पोती जातात कुठे? पालिकेच्या गाडीतून शहराच्या कचराभूमीवर, म्हणजे गोखिवऱ्याच्या भोईदापाड्याला. ते आमच्याच बाजूला, रुळांच्या अलीकडे. नाल्यातून निघालेलं पाकीट खाडी, समुद्र, पुळण असा फेरा करून, इतक्या माणसांची कंबर मोडून, डिझेल जाळून पुन्हा पूर्वेलाच येऊन पडतं.

म्हणून आता आमच्यापैकी काहीजण मे महिन्यात नाल्यावर उभे राहतो. पालिकेचा नालेसफाईचा गाळ काठावरच पडलेला असतो. पहिल्या सरीने तो परत आत जाण्याआधी त्यातलं प्लास्टिक वेगळं करायचं, गटारांच्या तोंडाशी जाळी बसवायची, ती तुंबू नये म्हणून पाऊस लागल्यावर रोज कोणीतरी साफ करायची. इथे लाटा नाहीत, वारा नाही, फोटोही बरे येत नाहीत, म्हणून माणसं कमी येतात. सुरुचीला जाणाऱ्यांतले निम्मे जरी इकडे वळले तरी आमच्या रस्त्याच्या सगळ्या जाळ्यांच्या पाळ्या लागतील. यंदाची यादी इमारतींच्या फाटकांवर लावली आहे. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.